पेर्लिताची दुभाषी

पेर्लिता मारासिगन बँकॉकच्या विमानतळावर उतरली, तेव्हा तिला घ्यायला मिंदा आली होती. हातात फुलंबिलं काही नाही, प्लास्टिकच्या पिशवीत गरम चिकट भात आणि काडीला लावून भाजलेलं डुकराचं मांस. "आधी पोटात घाल काहीतरी, मग रड," मिंदा म्हणाली. पेर्लिता तिथंच बाकावर बसून जेवली आणि खरंच मग रडली.

मिंदाचं पाळण्यातलं नाव लुझविमिंदा. त्यांच्या देशाचे, फिलिपिन्सचे, जे तीन मोठे भाग आहेत, त्यांची नावं जोडून बापानं पोरीला चिकटवली होती. देशाभिमान दाखवायला त्याला दुसरी जागा सापडली नसावी. बँकॉकमधल्या फिलिपिनो मास्तरांत तिला सगळे 'आते मिंदा' म्हणत. आते म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. आपल्या आतेशी तिचं काही नातं नाही, पण रुबाब म्हणाल तर अगदी आपल्या आतेसारखाच होता. कुणाला खोली हवी, कुणाला नोकरी हवी, कुणाचा पाय मुरगळला, सगळं मिंदाच्या दारात. ती बातांगासच्या समुद्राकाठच्या गावातली, आणि पेर्लिताही त्याच गावातली. एकीचं घर चर्चच्या पुढं, दुसरीचं मागं, एवढाच फरक. पेर्लिता गावच्या सरकारी शाळेत शिकवायची. नवरा जहाजावर गेला तो तिकडचाच झाला. पदरात एक मुलगी, अमिहान. मिंदा सहा वर्षांपूर्वी बँकॉकला गेलेली. तिनं निरोप धाडला, ये, आमच्या शाळेत जागा आहे. पेर्लिता लेकीला आईपाशी ठेवून आली. तेव्हा अमी धड तीन वर्षांचीही नव्हती.

मिंदानं तिला खोली बघून दिली, बांगकापीत, आपल्याच इमारतीत, आपल्याच मजल्यावर. कालव्यातल्या बोटीत चढायचं कसं तेही शिकवलं: बोट थांबते न थांबते तोच उडी मारायची, काठाला बसायला मिळालं तर समोरून दुसरी बोट येताना दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर कालव्याचं काळं पाणी थेट तोंडावर. बाजारात सुकी मासळी कुठं आपल्याकडच्यासारखी मिळते, रविवारी प्रार्थनेला कुठल्या चर्चमध्ये जायचं, शाळेत गुडघ्याखाली किती बोटं स्कर्ट हवा, सगळं. आणि पहिल्याच संध्याकाळी, गावाहून आणलेली कडू काळी कॉफी उकळत असताना, तिनं पेर्लिताला थाई भाषेचा पहिला आणि शेवटचा धडा दिला.

"हे बघ, ही भाषा तुला या जन्मी यायची नाही. एकच शब्द पाच सुरांत म्हणतात आणि पाच अर्थ करतात. तू काय कर, हसायचं, हात जोडायचे, आणि बोलणं संपलं की 'खा' म्हणायचं. बायका सगळ्या म्हणतात. आपलं 'पो' असतं ना, तसंच. बाकी मी आहे."

आपल्याला वाटावं, हे लोक सारखे जेवायचा आग्रह करतात की काय. पण हा 'खा' म्हणजे नुसता अदबीचा शब्द. पेर्लिताला तो फार आवडला. गावाकडं वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यामागं 'पो' लावायची तिच्या जिभेला लहानपणापासून सवय. त्या 'पो'ला अर्थ नसतो, नुसता मान असतो. तिनं 'पो'च्या जागी 'खा' बसवला आणि ती सुखी झाली. भाजीवालीला खा, शाळेच्या पहारेकऱ्याला खा, मुलांच्या आयांना खा. थाई शिकायचा तिनं मध्यंतरी एकदा विचार केला होता, शनिवारचा वर्गही बघून ठेवला होता. मिंदा हसली. "काय गं, माझ्यावर भरवसा नाही? शनिवारी झोप की जरा."

शाळा खाजगी होती, अर्धी इंग्रजी, अर्धी थाई. फाटकावर भला मोठा फलक, आणि त्यावर एका लालबुंद गोऱ्या मास्तराचं चित्र. हा गृहस्थ आठवड्यातून थोडेच तास यायचा, मुलांबरोबर चेंडू खेळायचा आणि जायचा. वाचायला-लिहायला शिकवायच्या या फिलिपिनो बाया. फलकावर मात्र त्या नसत. पालकांनी विचारलंच तर आपण कुठल्या ते फार सांगत बसू नका, अशी शाळेची सूचना होती. मिंदा सरळ "कॅलिफोर्निया" म्हणून मोकळी व्हायची. पेर्लिताला खोटं बोलवत नसे, ती हसायची, हात जोडायची आणि म्हणायची, "खा."

पण शिकवायची मात्र झकास. पहिलीच्या वर्गात ती शिरली की पोरं "थीचा! थीचा!", म्हणजे टीचर, करून तिच्या कमरेला लटकायची. रडवं पोर तिच्याकडं द्यायचं, असा शाळेत रिवाजच पडला. शाळेच्या प्रमुख होत्या आचान सुपात्रा. आचान म्हणजे आपले आचार्यच. बाई साठीच्या, बारीक आवाजाच्या, नेहमी रेशमी कपड्यांत. त्यांना इंग्रजी बेताचंच येई आणि चुकलेलं आवडत नसे, म्हणून त्या परदेशी शिक्षकांशी थाईतच बोलत आणि दुभाषी म्हणून मिंदाला बसवत. मिंदा मध्ये बसून इकडचं तिकडं करी. पेर्लिताचं म्हणणं बाईंना आणि बाईंचं म्हणणं पेर्लिताला, सगळं मिंदाच्या तोंडून. तीन वर्षं हे असंच चाललं, आणि पेर्लिताला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कशाला? तिच्या मुलखात उपकाराचं ओझं फार मोठं मानतात. ज्यानं तुला हात दिला त्याचं देणं जन्मभर फिटत नाही, असं तिथं पोरांना दुधाबरोबर पाजतात. शब्दाचा खेळ करायचा नाही, पण पेर्लिता मिंदाची मिंधी होती. आणि त्यात तिला सुखच होतं.

त्या शाळेची एक चांगली रीत होती. दरवर्षी पहिलीत परदेशी शिक्षकाचं एक मूल बिनशुल्क घेत. एकच. एकदा घेतलं की ते शाळा संपेपर्यंत तिथंच शिके, आणि शाळेत नाव असलं की मुलाला आईबरोबर राहायचा परवानाही मिळे. प्रवेश फक्त पहिलीत. दुसरीत-तिसरीत असली काही सोय नाही. पैसे भरून असल्या शाळेत घालायचं म्हणजे पेर्लितासारखीनं स्वप्नातही आणू नये. त्या वर्षी अमी सहाची होणार होती. म्हणजे हीच संधी, आणि पुन्हा नाही.

हे पेर्लितानं दोन वर्षं आधीपासून मनात धरलं होतं आणि मिंदाला सांगितलं होतं. मिंदा म्हणाली होती, "अगं, तुझ्याशिवाय आहे कोण? मी स्वतः बाईंच्या कानावर घालते." मिंदालाही मुलगा होता, तिमोय, अमीच्याच वयाचा; मध्ये वर्षभर ती गावी गेली तेव्हा झालेला. पण तो गावी बापाकडं नि आजीकडं होता, आणि तो तिथंच राहणार, असं मिंदाच नेहमी म्हणे. "माझ्या नवऱ्याचा जीव आहे त्याच्यात. इथं आणून मी काय करू?"

मग काय, अमीची तयारी सुरू झाली. रोज संध्याकाळी फोनवर पेर्लिता तिला थाई नमस्कार शिकवी: हात छातीशी, बोटं हनुवटीपाशी, मान खाली. अमीनं तो गल्लीतल्या सगळ्यांना करून दाखवला, कोंबड्यांनासुद्धा. "नानाय, तिथं माझ्या वर्गात तूच असणार ना?" तिचा एकच प्रश्न. नानाय म्हणजे आई. "मी नाहीतर कोण?" पेर्लिता म्हणे. तिथल्या पहिलीला शिकवणारी तीच होती. आईच्या वर्गात लेक, याहून वेगळं तिला काही नकोच होतं. लोला, म्हणजे अमीची आजी, पेर्लिताची आई, मागून ओरडे, "ही इथल्या शाळेत आता बसतच नाही! म्हणते, मी बँकॉकची आहे!"

फेब्रुवारीत आचान सुपात्रांनी बोलावलं. पेर्लिता इस्त्रीचा निळा सदरा घालून गेली. मिंदा तिच्या शेजारी बसली. कोपऱ्यात ख्रू रच्चनी होती, ख्रू म्हणजे गुरू; शाळेतली थाई शिक्षिका, बाईंचा उजवा हात. ती चहा ओतत होती. बाई बोलू लागल्या. सावकाश, गोड, लांबलचक. पेर्लिताला त्यातला एकच शब्द कळत होता, 'देक'. म्हणजे मूल. मुलगा नव्हे, मुलगी नव्हे, नुसतं मूल. तो शब्द आला की तिचा चेहरा खुले.

"काय म्हणतात?" तिनं हळूच विचारलं.

"विचारतात, मूल तब्येतीनं बरं आहे ना? सांभाळशील ना तू नीट?" मिंदा म्हणाली.

"खा," पेर्लिता बाईंकडं वळून म्हणाली.

बाई पुन्हा काही बोलल्या. या वेळी त्या थोड्या पुढं वाकल्या होत्या आणि पेर्लिताच्या डोळ्यांत बघत होत्या.

"विचारतात, तू खूश आहेस ना? मनापासून?"

"खा, खा!" आणि पेर्लिताचे डोळे भरून आले. तिनं हात जोडून मान एवढी खाली घातली की कपाळ टेबलाला लागलं. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. असं त्या कुणाला करत नसत. बाहेर आल्यावर पेर्लितानं मिंदाला मिठी मारली. मिंदा म्हणाली, "चल गं, बोट चुकेल."

घोडं गंगेत न्हालं असं समजून पेर्लितानं घरी कळवलं. गावात लोलानं शेजाऱ्यांना शेवया करून घातल्या.

मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत ख्रू रच्चनी तिच्यापाशी आली. रच्चनीला इंग्रजी बरं यायचं, पण ती बोलायला लाजायची. त्या दिवशी ती मुद्दाम येऊन बसली, आणि तिनं पेर्लिताला पिकलेले आंबे दिले.

"तुमच्यासाठी. घरच्या झाडाचे. तुमच्यासारखं काळीज मी बघितलं नाही. मला सख्खी बहीण आहे, पण ती मला कपसुद्धा देत नाही."

"मी काय केलं?" पेर्लिता हसून म्हणाली.

"असं काय विचारता? स्वतःच्या मुलीची जागा बहिणीच्या मुलाला दिलीत."

पेर्लिताला वाटलं, इंग्रजी चुकलं. तिनं पुन्हा विचारलं. रच्चनीनं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. आचान सुपात्रा म्हणाल्या होत्या: मिंदा सांगते, तिच्या मुलाला आता गावी बघणारं कुणी नाही, आणि तुम्ही तुमच्या मुलीची जागा त्या मुलाला द्यायला तयार आहात; हे खरं का? पेर्लिता म्हणाली, खा. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा विचारलं: कुणी भरीला तर घातलं नाही ना, अगदी मनापासून म्हणताय ना? आणि पेर्लिता म्हणाली, खा, खा. रडली. टेबलाला कपाळ लावलं.

"पण खा म्हणजे... ते तर नुसतं..." पेर्लिता म्हणाली.

रच्चनी तिच्याकडं बघत राहिली. "वाक्यामागं आला तर अदब," ती म्हणाली. "एकटाच आला तर 'हो'. तुम्हाला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगणार? सांगणारी एकच होती. पेर्लितानं आंबे तिथंच टेबलावर ठेवले. रच्चनीलाही मग उमगलं असावं, कारण तिनं ते पुन्हा पुढं केले नाहीत.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे पेर्लिताला त्या दुपारी कळलं. सुरा पाठीत बसला तर निदान माणूस ओरडतो. इथं तिनं स्वतःच मान पुढं केली होती, हात जोडून, हसत. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी फसवून सही घेतली नव्हती. तिच्याच तोंडानं ती दोनदा हो म्हणाली होती.

मिंदा तिला घाटावर भेटली, रोजच्यासारखी. बोट आली, दोघी चढल्या, शेजारी बसल्या. मोटारीचा आवाज एवढा की जोरात बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि त्यांची भाषा त्या बोटीत दुसऱ्या कुणाला कळण्याची भीती नव्हती.

"आते, त्या दिवशी बाईंनी काय विचारलं ते तुला नीट कळलं होतं?"

मिंदा समोर पाण्याकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं नाही. फक्त भुवया वर केल्या. त्या लोकांत हो म्हणायला एवढं पुरतं. पेर्लिता तिला तीन वर्षं रोज बघत आलेली. तिनं ते बरोबर वाचलं.

"तिमोयचा बाप दुसरीकडं राहायला गेलाय," मिंदा म्हणाली. "सासू अंथरुणाला खिळली. पोर शेजारणीकडं जेवतं. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू दिली असतीस?"

पेर्लिताला खोटं बोलवेना. "नसती दिली."

"मग?"

"मग काय, आते? मग तू भांडली असतीस माझ्याशी, बाईंपुढं, उघड! दोघींची पोरं, दोघींचा हक्क, ठरवू दे म्हणाली असतीस बाईंना. मी तोंडावर शिव्या खाल्ल्या असत्या तुझ्या. तू माझी जीभ वापरलीस. माझ्याच तोंडून काढून घेतलंस."

"तुझ्या पोरीला तुझी आई आहे," मिंदा म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचाच पेर्लिताला जास्त राग आला. "माझ्या पोराला कोण आहे? आणि तुला इथं आणलं कुणी? खोली कुणी दिली? विसरलीस?"

समोरून दुसरी बोट आली. काठाला मिंदा होती, दोरी तिच्या हाताशी होती, तिनं ओढली नाही. पाणी दोघींच्या अंगावर आलं. बाकीचे प्रवासी बडबडले. पेर्लिता पुढच्याच घाटावर उतरली आणि उरलेली वाट पायी गेली. कुंपणच शेत खायला उठलं तर दाद कुणाकडं मागायची? पण तिनं मागायची ठरवली.

तिनं थाईत दोन वाक्यं पाठ केली. रच्चनीनंच ती तिला शिकवली, सूर सांभाळून, पुन्हा पुन्हा म्हणवून. 'मला कळलं नव्हतं. जागा माझ्या मुलीची आहे.' एवढीच. ती एकटी आचान सुपात्रांपुढं गेली, उभ्याउभ्या ती वाक्यं म्हणाली. सूर चुकले नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं. हसल्या. त्या हसण्याचे त्या देशात अनेक प्रकार आहेत, आणि हा दार लावून घेतानाचा होता.

बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं. तुम्ही शिक्षिका आहात. शिक्षिकेला प्रश्न कळत नाही, असं मी कसं मानू?" मग थोड्या मऊ आवाजात, "देऊन झाल्यावर वाईट वाटतंच. बहिणींत असं होतं. मुलाचं सगळं ठरलं आहे आता. तुमचं मोठं मन मी सगळ्यांना सांगितलं आहे. ते आता परत घेऊ नका, तुम्हालाच शोभणार नाही."

मिंदा तिची बहीण नव्हे, हे तिला सांगायचं होतं. आते म्हणजे नुसती हाक मारायची रीत, रक्ताचं काही नाही. पण तेवढं थाई तिला येत नव्हतं आणि तेवढं इंग्रजी बाईंना. आणि आलं असतं तरी बाईंना ऐकायचं नव्हतं. आपल्या खोलीत, आपल्या नाकासमोर, आपल्या दुभाष्यानं आपल्यालाही बनवलं, हे कोणत्या प्रमुखाला कबूल करायला आवडेल? बाई उठून उभ्या राहिल्या, म्हणजे जा. पेर्लितानं सवयीनं हात जोडले. सवयीनं 'खा' म्हणाली. दाराबाहेर आल्यावर तिनं स्वतःच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

मे महिन्यात तिमोय आला आणि तिच्याच वर्गात बसला. बारका, कान पुढं आलेले, पाठीवर स्वतःएवढं दप्तर. त्याचा राग करायचा पेर्लितानं प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या दिवशी तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. पण पोराला थाई येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि मधल्या सुट्टीत तो कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून रडत बसला. रडवं पोर पेर्लिताकडं द्यायचं, हा रिवाज. रच्चनीनं त्याला हाताला धरून आणलं, पेर्लितासमोर उभं केलं आणि खाली मान घालून निघून गेली. मग पेर्लिता त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली. त्या दिवसापासून तो तिची पाठ सोडीना. "तीता पेर्ला, तीता पेर्ला," म्हणजे मावशी, असं करत मागं. अक्षरं त्याला पटापट येत. हुशार होता, याचंही तिला वाईट वाटलं.

तिनं खोली बदलली. रविवारी दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. शनिवारी थाईच्या वर्गाला बसली, सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी. मिंदाशी ती शाळेत जेवढ्यास तेवढं बोले. बाकीच्या फिलिपिनो बायांना हे विचित्र वाटे. त्यांच्यात आधीच पसरलं होतं की पेर्लितानं केवढा त्याग केला, आणि आता हिला मिंदा डोळ्यांसमोर नको? "देऊन वर आकस कशाला गं धरायचा?" एकीनं तिला तोंडावर विचारलं. पेर्लितानं खरं सांगितलं. ती बाई ऐकून म्हणाली, "आते मिंदा असं करणार नाही. तुलाच नीट कळलं नसेल." तेच तर झालं होतं.

गावीही मिंदाची हकिकत आधी पोचली होती. पेर्लितानं आईला एवढंच सांगितलं होतं की जागा मिळाली नाही. सगळं सांगायची तिला लाज वाटली. परदेशात मास्तरीण म्हणून गेलेली लेक, आणि तिला हो कुठलं नि नाही कुठलं ते कळलं नाही, हे म्हातारीनं चर्चपुढं बसून कुणाकुणाला सांगायचं? वाटलं, थोड्या दिवसांनी समजावू. तेवढ्यात मिंदाची सासू आजारातून उठली, काठी टेकत आली, भाताचा केक घेऊन, आणि लोलाचे हात हातात घेऊन रडली. तुझ्या पेर्लितानं माझ्या नातवाला स्वतःच्या लेकीची जागा दिली. पाद्रीबाबांनी रविवारी नाव घेऊन सांगितलं. बाजारात लोक लोलाला थांबवून सांगू लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मारणारे सगळे कौतुक करत होते.

"तू मला का नाही बोललीस?" लोला फोनवर म्हणाली. आवाजात अभिमान होता आणि त्याच्याखाली दुसरंही काही होतं. "दिलंस ते दिलंस. पण पोरीला आधी सांगायचं होतंस. तिनं ते पाद्रीबाबांच्या तोंडून ऐकलं."

"अमीला दे फोन."

"येत नाही म्हणते."

"इनांग," पेर्लिता आईला म्हणाली, "दे तिला. मी काही दिलेलं नाही. सगळं सांगते. आधी तिला सांगू दे."

बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग पडद्यावर अमीचं अर्धं तोंड दिसलं, अर्धं लोलाच्या झग्यात.

"अमी, ऐक. तुझी जागा मी कुणाला दिली नाही. बाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं, मला ती येत नव्हती. आते मिंदानं मला वेगळंच सांगितलं. मला वाटलं, तुझ्याचबद्दल विचारतात. म्हणून मी..."

"तिमोय तुझ्या वर्गात बसतो?" अमीनं विचारलं.

"हो."

"तू त्याला वाचायला शिकवतेस?"

"शिकवते."

"तो रडला तर त्याला घेतेस?"

तिकडं पोरीनं आता पूर्ण तोंड बाहेर काढलं होतं. तीन वर्षांत ते केवढं बदललं होतं, हे पेर्लिताला तेव्हा दिसलं.

"बाईंनी विचारलं, तेव्हा तू हो म्हणालीस ना?"

"म्हणाले. पण मला कळलं नव्हतं, बाळा. खरंच नव्हतं कळलं."

"मग त्यालाच शिकव," अमी म्हणाली, आणि फोन आजीच्या हातात देऊन खेळायला गेली.